पावसाळ्यातलं इमॅजिका : कुठल्या पावसात जायचं आणि कुठल्यात नाही

खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका हे मनोरंजन उद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झालं, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. त्याची खरी परीक्षा मात्र जूनपासून पुढे चार महिने असते, कारण जागाच तशी आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणपट्टी ओलांडून खंडाळ्याच्या डोंगराला भिडतात आणि वर चढता चढता आपलं ओझं रिकामं करतात. हे उद्यान त्या डोंगराच्या पायथ्याशीच आहे. तेव्हा जुलैत तिथे पाऊस लागेल का, हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. कुठल्या जातीचा पाऊस लागेल, एवढंच बघायचं.

निकाल आधीच सांगून टाकतो. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर जुलै-ऑगस्टमधला आठवड्यातला साधा दिवस उत्तम. ऊन नाही, गर्दी कमी आणि बघण्यासारखं बरंच काही छपराखाली. कॉलेजची टोळी फक्त नायट्रो ही रोलर कोस्टर आणि उंचावरून खाली सोडणारा डेअर टू ड्रॉपचा मनोरा यांच्यासाठी निघाली असेल, तर मात्र दिवाळीनंतर जा. भर पावसाळ्यात तिकिटाचे पैसे वसूल होतीलच असं नाही. वॉटर पार्कचं गणित वेगळं आहे, ते पुढे येईल.

आता पावसाच्या जाती. हे नीट समजून घेतलं तर निम्मं काम झालं, कारण राईड बंद पडतात त्या पावसापेक्षा विजेमुळे आणि वाऱ्यामुळे जास्त. जुलै-ऑगस्टमध्ये लागते ती झड. आभाळ सारखं दाटलेलं, रिपरिप चालू, मधूनच एखादी जोराची सर आणि मग अर्धा-पाऊण तास उघडीप. या दिवसांत विजा फारशा नसतात. अंग ओलं होतं, पण अंगावर काही कोसळत नाही. अशा दिवशी उघड्यावरच्या राईड थांबत-थांबत का होईना, चालू राहण्याची शक्यता बरी असते. जूनच्या सुरुवातीचा आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस याच्या अगदी उलट. सकाळ लख्ख, बाराला घामाच्या धारा, तीनच्या सुमारास डोंगराकडून काळं आभाळ चढतं आणि गडगडाट सुरू. पाऊस तासभरच पडतो, पण विजा असल्यामुळे उंच लोखंडी राईड बंद ठेवाव्या लागतात आणि पाऊस थांबल्यावरही त्या लगेच सुरू होत नाहीत. म्हणून ऑक्टोबरात जाणाऱ्याने गेट उघडल्या उघडल्या सगळ्या उघड्यावरच्या राईड उरकायच्या आणि दुपारनंतर आत शिरायचं. जुलैत असा सकाळ-दुपारचा हिशेब चालत नाही. तिथे दर उघडिपीला बाहेर, दर सरीला आत. बरेचजण ऑक्टोबरात जाऊन जुलैसारखं वागतात, सकाळचा वेळ थंडगार सिनेमात घालवतात आणि चार वाजता नायट्रोखाली ताटकळत उभे राहतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा रायगड जिल्ह्याचा इशारा बघा. मुंबईचा किंवा पुण्याचा बघून उपयोग नाही. खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार. पिवळ्या इशाऱ्यात जायला हरकत नाही. नारिंगी असेल तर तारीख बदला आणि लाल असेल तर विषयच संपला, कारण प्रश्न राईडचा उरत नाही, रस्त्याचा होतो. त्यासाठी तिकीट काढण्याआधीच तारीख बदलण्याची अट वाचून ठेवायची. हवामानामुळे एखादी राईड बंद राहिली म्हणून पैसे परत मिळतील, असं समजून तर कुठल्याच थीम पार्कचं तिकीट काढू नये.

उद्यानात असताना दोन गोष्टी फोनवर उघड्या ठेवा. एक, हवामान खात्याच्या संकेतस्थळावरचं मुंबईच्या रडारचं चित्र. पावसाळ्यात ढग साधारण पश्चिमेकडून, नैऋत्येकडून सरकत येतात; अलिबाग-पेणच्या वर रंग गडद झाला की पुढची सर आपली समजायची. दुसरं, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप. आपल्याभोवती २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का, ते त्यात दिसतं. फोन पिशवीत असेल तर जुनी रीत आहेच: वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढे किलोमीटर दूर.

नायट्रोबद्दल थोडं सविस्तर, कारण तक्रारी सगळ्यात जास्त तिच्यावरूनच होतात. ही बिनतळाची रोलर कोस्टर आहे. पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी. उंची सुमारे ४० मीटर, वेग ताशी १०५ किलोमीटरपर्यंत, पाच वेळा उलटी होते. ताशी १०५ म्हणजे सेकंदाला २९ मीटर. पावसाचा थेंब स्वतः त्याच्या निम्म्यानेही पडत नाही, पण आपण त्याच्यावर या वेगाने जाऊन आदळतो, तेव्हा तो गालावर आणि डोळ्यांत वाळूसारखा बोचतो. हे झालं बसणाऱ्याचं. गाडीचं म्हणाल तर रूळ आणि ब्रेकच्या पट्ट्या ओल्या झाल्या की घर्षण बदलतं आणि गाडी नेहमीच्या ठिकाणी नेहमीसारखी थांबेल, याचा भरवसा कमी होतो. एका रुळावर दोन गाड्या धावत असतील तर त्यांच्यात ठरावीक अंतर राखणारी सगळी यंत्रणा याच हिशेबावर उभी असते. डेअर टू ड्रॉपसारख्या मनोऱ्याला पावसाचं तेवढं वावडं नसतं, वारा आणि वीज या दोन गोष्टींचं असतं. स्क्रीम मशीन या उंच झुलणाऱ्या राईडचंही तेच. तेव्हा ‘एवढ्याशा पावसात बंद?’ म्हणून राईडवरच्या पोराशी हुज्जत घालण्यात हशील नाही. बंद-चालूचा निर्णय त्याच्या हातात नसतो.

उपयोगाची खूण मात्र एक आहे. नायट्रो उंच आहे, लांबूनही दिसते. पाऊस थांबल्यावर तिच्याकडे नजर ठेवा. गाडी फिरताना दिसली, पण खाली लोंबकळणारे पाय दिसले नाहीत, तर ती रिकामी आहे. राईड सुरू करण्याआधी रिकाम्या फेऱ्या मारून बघतात, मग सीट पुसतात, मग माणसं घेतात. रिकामी गाडी दिसली की हातातलं काम सोडून रांगेकडे निघायचं. बाकीचे लोक पाय दिसल्यावर येतात, तोवर तुम्ही पहिल्या-दुसऱ्या फेरीत असता.

छपराखालच्या राईडची बाजू इमॅजिकात भक्कम आहे आणि पावसाळी सहलीसाठी हे उद्यान निवडण्याचं मुख्य कारण तेच. डीप स्पेस ही रोलर कोस्टर असूनही पूर्णपणे बंद इमारतीत, अंधारात धावते. नायट्रो हुकली तर थराराची भरपाई इथे. सलीमगड हा भुताटकीचा अंधारा किल्ला, अलिबाबा और चालीस चोर या राईडमध्ये गाडीत बसून बंदुकीने निशाणे टिपायचे, मिस्टर इंडियात खुर्च्या हलतात आणि पडद्यावर पाठलाग चालतो. आय फॉर इंडियात भल्यामोठ्या पडद्यासमोर बसून देशभराची हवाई सफर होते. ज्येष्ठांना यातलं काय आवडतं म्हणाल, तर हमखास हेच. रॉथ ऑफ द गॉड्समध्ये आग, पाणी आणि आवाज यांचा खेळ. तीन-चार वर्षांची मुलं तिथे दचकून रडतात, त्यांना घेऊन जाणार असाल तर दाराजवळ उभे राहा. राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर हा होडीतून डायनासोर बघत जायचा प्रवास, शेवटी होडी उतारावरून पाण्यात आपटते. जाता जाता, राजासॉरस हे नाव कुणाच्या डोक्यातून निघालेलं नाही. नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी या प्राण्याचं नाव ठेवलं. मुलांना रांगेत सांगायला बरं पडतं.

एवढं असूनही लोक तासन्‌तास रांगेत का अडकतात? कारण सर कोसळली की सगळं उद्यान एकाच वेळी छपराकडे धावतं. पावसाच्या पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत डीप स्पेस आणि सलीमगडची रांग दिवसातली सगळ्यात लांब असते. तेव्हा आभाळ भरून आलं, वारा पडला आणि पहिले टपोरे थेंब पडायच्या आतच आत शिरायचं. उशीर झालाच तर रांगेकडे न धावता जेवायला बसायचं. पावणेबाराला आलेली सर हे जेवणाचं आमंत्रण समजावं. एक ते अडीचची झुंबड टळते आणि उघडीप मिळेल तेव्हा पोट भरलेलं असतं. उलट चूकही तेवढीच सर्रास दिसते: पाऊस थांबला म्हणून ‘चला, आता निवांत काहीतरी खाऊ’ असं म्हणत कोरडा अर्धा तास टेबलावर घालवणारे. कोरडा वेळ हा या दिवसांतला सगळ्यात महाग माल आहे, तो भज्यांवर खर्च करू नये.

आतल्या राईडचा क्रमही महत्त्वाचा. हलत्या खुर्च्यांचे आणि पडद्याचे खेळ लागोपाठ दोन-तीन केले तर मळमळतं, कारण डोळे सांगतात आपण पळतोय आणि कान सांगतात आपण जागेवर आहोत. त्यात नुकताच वडा-सामोसा पोटात गेलेला असेल तर बघायलाच नको. मिस्टर इंडियानंतर अलिबाबा, मग चालत बघायचं काहीतरी, मग पुन्हा पडदा, असं एकाआड एक ठेवा. आणि राजासॉरस किंवा स्प्लॅश अहॉयसारखी पाणी उडवणारी राईड वातानुकूलित सभागृहाच्या आधी कधीच करू नका. ओल्या कपड्यांनी एसीत वीस मिनिटं बसलं की मोठ्यांनाही हुडहुडी भरते, पोरांचे तर ओठ निळे पडतात. भिजायच्या राईड एकत्र उरका, मग कपडे बदला, मग आत. स्नो पार्क त्या दिवशी सुरू असेल तर त्यालाही हेच लागू, किंबहुना जास्तच. जाकीट तिथे मिळतं, पण आतला टीशर्ट आणि मोजे ओले असतील तर जाकीट काय करणार? कोरड्या मोज्यांचा एक जोड फक्त त्यासाठी वेगळा ठेवा.

एक्सप्रेस तिकिटाबद्दल मत स्पष्ट आहे: पावसाळ्यात आठवड्याच्या दिवशी ते नको. त्याने रांग तोडता येते, बंद राईड उघडता येत नाही. शनिवार-रविवार किंवा १५ ऑगस्टसारख्या सुट्टीला जाणं भागच असेल, तर मात्र त्याचा उपयोग होतो आणि तोही आतल्या राईडसाठी, कारण तेव्हा गर्दी तिथेच एकवटते.

कपड्यांत सगळ्यात मोठा शत्रू जीन्स. भिजली की जड होते, दिवसभर वाळत नाही आणि दोन तासांत मांड्या सोलवटतात. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची ट्रॅकपँट, पातळ टीशर्ट, आणि निघण्याआधी मांड्यांना, काखेत, टाचांना थोडं खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन. पायात मागे पट्टा असलेले फ्लोटर. साधी चप्पल ओल्या फरशीवर घसरते आणि पाय अधांतरी असलेल्या राईडवर ती काढूनच ठेवावी लागते. बुटांत पाणी शिरलं तर ते रात्रीपर्यंत पचपचत राहतं. छत्री घेऊ नका. रांगेच्या चिंचोळ्या कठड्यांमध्ये ती शेजाऱ्याच्या डोळ्यात जाते. दोन भागांचा रेनकोटही नको, दर राईडला पँट काढा-घाला करताना जीव जातो. पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल एकसंध रेनकोट, सगळ्यात सोयीचा, पण वेगवान राईडवर बसण्याआधी तो काढून घडी करून ठेवायचा, फडफडणारं काहीही अंगावर चालत नाही. माणशी एक पोंचो घरूनच न्या. बाजारातले कागदासारखे पातळ पोंचो पहिल्याच कठड्याला अडकून फाटतात; बटणं असलेला थोडा जाड घ्या.

बॅगेत चार जणांमागे झिपच्या पाच-सहा पिशव्या असू द्या: एकीत फोन आणि पाकीट, एकीत कोरडे टीशर्ट, एकीत मोजे, बाकीच्या ओल्या कपड्यांसाठी. ऐनवेळी दुकानातून पातळ कॅरीबॅग मागू म्हणाल तर २०१८ पासून राज्यात त्यांच्यावर बंदी आहे. गळ्यात लटकवायची फोनची पिशवी घेत असाल तर बंद करण्याआधी तिच्यात टिश्यूपेपरचा तुकडा टाका, नाहीतर आतून वाफ धरते आणि फोटो धुरकट येतात. ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, म्हणून यूपीआयचा पिन टाकताना घोडं अडतं. पाचशे-हजार रुपये रोख वेगळे ठेवा. छोटा सुती पंचा न्या. टॉवेलपेक्षा लवकर वाळतो, पिळता येतो आणि ओली सीट पुसायलाही चालतो.

आता वॉटर पार्क. तो २०१४ मध्ये सुरू झाला, तिकीट वेगळं. झडीच्या दिवशी आमच्या मते हाच पर्याय जास्त शहाणपणाचा, कारण जे भिजायलाच आले आहेत त्यांचं पाऊस काय बिघडवणार? उन्हाळ्यात फरशी पाय भाजते, ती अडचणही नाही. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. वीज दिसली की पाण्यातून सगळ्यांना बाहेर काढतात आणि तेच बरोबर आहे. दुसरं, थंडी पाण्यात वाजत नाही, घसरगुंडीच्या जिन्यावर रांगेत वाजते, जिथे वारा लागतो. मुलांना दर पाऊण तासाने आडोशाला नेऊन पुसा, काहीतरी गरम द्या. तिसरं, कपडे नायलॉनचे किंवा लायक्राचेच. सुती कपड्यांत पाण्यात सोडत नाहीत आणि तिथल्या दुकानातून घ्यायचे म्हणजे खिसा रिकामा. घरचेच धुऊन न्या. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच पावसाळी दिवसात कोंबू नका. दोन्ही करायचेच असतील तर शेजारच्या नोव्होटेलमध्ये रात्र काढून दुसरा दिवस पाण्याला द्यावा. २८७ खोल्यांचं हॉटेल आहे, स्वस्त नाही, पण ओलं अंग घेऊन घाट चढण्यापेक्षा बरं. त्यातही क्रम महत्त्वाचा: आधी थीम पार्क, मग वॉटर पार्क, म्हणजे ओले कपडे एकदाच बांधून घरी न्यायचे.

खाण्याबद्दल थोडक्यात. बाहेरचे पदार्थ आत नेता येत नाहीत, बाळाचं खाणं वेगळं. आतलं जेवण ठीकठाक, भाव उद्यानाचे. सकाळी खोपोलीत रमाकांतचा वडापाव खाऊन शिरलं तर दुपारपर्यंत कुणी भुकेची कुरकुर करत नाही. मात्र पहिली राईड नायट्रो असेल तर एकावरच थांबा.

जाण्या-येण्याचा विचार राईडपेक्षा आधी करावा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. बाईकवाल्यांनी पनवेल-चौक-खालापूर असा जुना महामार्ग धरायचा आणि पावसात त्याच्या खड्ड्यांसाठी अर्धा तास जास्त धरायचा. मुंबईहून लोकलने यायचं तर कर्जतहून खोपोलीकडे फुटणाऱ्या फाट्याची गाडी: पळसधरी, केळवली, डोलवली, लौजी आणि शेवटचं स्टेशन खोपोली. गाड्या मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ निघतानाच लिहून घ्या. पुण्याचे लोक इथे नेहमी फसतात. पुणे-मुंबई गाडी खोपोलीवरून जात नाही, कर्जतला थांबणारी गाडी पकडून तिथे बदलावी लागते. गाडीने येणाऱ्या पुणेकरांसमोर घाट आहे. आडोशी बोगद्याजवळ २०१५ आणि २०२३ च्या जुलैत दरड आली होती. तेव्हा जोराचा पाऊस चालू असेल तर परतताना घाई करू नका, उद्यानातून निघण्याआधी वाहतुकीची स्थिती बघा. धुकं असेल तर मंद दिवे लावा. झगझगीत दिव्यांनी समोर पांढरी भिंत दिसते. आणि गाडी चालू असताना चारही इंडिकेटर लावायची सवय सोडा, मागच्याला तुम्ही लेन बदलताय की थांबताय ते कळत नाही.

सकाळी पोहोचल्यावरच मुसळधार पाऊस असेल आणि तिकीट अजून काढलेलं नसेल, तर दिवस फुकट घालवायचं कारण नाही. महडचा वरदविनायक जवळच आहे आणि याच खोपोली-पाली रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकांपैकी दोन गणपती दुपारपर्यंत आरामात होतात, आणि तोवर पाऊस ओसरला तर वॉटर पार्क वाटेतच आहे. फक्त कॅलेंडर बघून निघा. त्या दिवशी अंगारकी निघाली तर महडची रांग नायट्रोपेक्षा मोठी असते, आणि तिथे एक्सप्रेस तिकीट मिळत नाही.